मांडी सैल सोड

“मांडी सैल सोड,” डॉक्टर मगदूम तिसऱ्यांदा म्हणाले.

मी सोडली. म्हणजे सोडल्यासारखं केलं. मांडी वरून मऊ दिसावी आणि आतून लाकडासारखी असावी, हे खो-खो खेळणाऱ्या मुलीला अवघड नसतं. पाच वर्षं सकाळ-संध्याकाळ चौकात बसून मी दुसरं काय करत होते? बसलेली मुलगी बाहेरून निवांत दिसली पाहिजे आणि पाठीवर थाप पडली की त्याच क्षणी उठली पाहिजे, हा आमच्या कोळेकर सरांचा पहिला नियम. दुसरा नियम तोंडाचा. पळणारी मुलगी आपल्या तोंडाकडे बघत असते. डावीकडे उठणार की उजवीकडे, हे तिला डोळ्यांतून, ओठांतून, मानेच्या शिरेतून कळतं. म्हणून तोंडावर काही येऊ द्यायचं नाही. सर आम्हाला ओळीनं बसवायचे, मागून कुणाच्याही पायाच्या पोटरीला चिमटा घ्यायचे आणि समोर येऊन तोंड बघायचे. ज्या मुलीच्या भुवईची रेघ हलली तिला मैदानाला पाच फेऱ्या. मी सहाव्या महिन्यानंतर एकदाही फेरी मारली नाही.

डॉक्टरांनी माझा उजवा गुडघा जरासा वाकवून स्वतःच्या मांडीवर घेतला होता. अंगठा वाटीच्या आतल्या कडेला लावून ते वाटी बाहेरच्या बाजूला ढकलत होते. मला गंमत वाटली ती एवढीच, की ते गुडघ्याकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. दवाखाना नवा होता, नर्स जेवायला गेली होती, म्हणून आई डोक्याशी डाव्या बाजूला उभी राहिली होती माझा हात धरून. ती पंख्याकडे बघत होती.

अंगठा दाबला गेला. मला आत ती ओळखीची घसरण कळली, वाटी आता जाणार, गेलीच. मी डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत राहिले.

“काही वाटतं?”

“काही नाही.”

“भीती? निसटेल असं?”

“काही नाही,” मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी गुडघा खाली ठेवला आणि आईला समजावून सांगितलं. वाटी सरकण्याची सवय लागलेली असेल तर ती अशी ढकलली की माणूस दचकतं, हात धरतं, ओरडतं. बहुतेक पोरी तर अंगठा लागायच्या आधीच पाय ओढून घेतात. हिचं तसं काही दिसत नाही. जिल्ह्याच्या सामन्यात निसटली ती एकदाच निसटली असणार, पाय विचित्र पडल्यामुळे. फोटोत हाड ठीक आहे. तरी सांगलीला जाऊन मोठं स्कॅनिंग करून घेतलेलं बरं, असं ते दोनदा म्हणाले. कोळेकर सर दारातूनच बोलले की डॉक्टर, शिबिर सोमवारी आहे, आज गुरुवार.

जिल्ह्याच्या सामन्यात निसटली ती एकदा नव्हती. ती सहावी होती. पहिल्या पाच कुणी बघितल्या नव्हत्या, कारण मी कुणाला बघू दिल्या नव्हत्या. एकदा विहिरीच्या पायऱ्यांवर, एकदा वर्गात बाकावरून वळताना, तीनदा मैदानात. पाय हळूहळू सरळ करायचा, तळहातानं वाटी आत लोटायची, कट असा आवाज होतो आणि ती जागेवर जाते. मग बुटाची नाडी बांधत दोन मिनिटं बसायचं. लोकांना वाटतं पोरगी नाडी बांधते आहे. पण जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात मी खांबाजवळ पडले आणि समोर राज्य संघाचे निवडसमितीवाले बसले होते. त्यांनी सरांना सांगितलं, मुलगी चांगली आहे, हाडाच्या डॉक्टरचं पत्र आणा, तरच शिबिराला घेऊ.

ते पत्र मला हवं होतं. का हवं होतं हे सांगायला लाज कसली. आमच्या मैदानावरची एक मुलगी राष्ट्रीय खेळून आली, खेळाडूंच्या राखीव जागेतून तलाठी झाली आणि गावात आली तेव्हा सरपंच उठून उभा राहिला. माझी आई मागावर सुताच्या कांड्या भरायची. दिवसभर एका जागी बसून, बोटांना सुताचे चर पडलेले. वडील, म्हणजे आमचे आण्णा, माग चालवायचे आणि त्या खडखडाटानं त्यांना ऐकू येणं कमी झालं होतं. आमच्या घरात नोकरी हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जायचा. सुलक्षणा हसबे हे नाव राज्याच्या यादीत आलं की पुढचं सगळं आपोआप येणार होतं. मधे फक्त एक वाटी होती, ती मी सांभाळणार होते.

डॉक्टरांनी पत्र लिहिलं. ‘सध्या खेळण्यास हरकत नाही.’ सही करताना पेन जरा थांबलं, मग झालं. सरांनी ते तीनदा वाचलं, घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि बाहेर जाऊन पेढे आणून डॉक्टरांना दिले.

विट्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना आईच्या डाव्या मनगटावर रक्ताचा बारीक ठिपका दिसला. “बांगडी वाढली,” ती म्हणाली. “दाराला लागली वाटतं.” आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत. तिनं पदराचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि गाडी लागली का बघायला उठली. मी एवढ्या आनंदात होते की पुढं काही विचारलं नाही. घरी जाईपर्यंत मला एकच वाटत होतं, डॉक्टरसुद्धा माझं तोंड वाचू शकला नाही.

शिबिर सोलापूरला होतं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सराव सामन्यात मी शेवटून दुसऱ्या चौकात बसले होते. पाठीवर थाप पडली, खो आला, मी उजव्या पायावर जोर देऊन डावीकडे उठले आणि अंग वळलं, पाय वळला नाही. आवाज आला तो नेहमीचा नव्हता. नेहमी कट असा यायचा, ह्या वेळी ओली फांदी मोडावी तसा आला. मी पाय सरळ करायला गेले तर होईना. वाटी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जाऊन बसली होती, आणि आत काहीतरी मोकळं फिरत होतं. मी नाडीला हात लावला. समोरची मुलगी, नागपूरची होती, तिनं माझ्या पायाकडे बघितलं आणि ती ओरडली. मी नाही ओरडले. तोंडावर काही येऊ दिलं नाही. आता आठवलं की माझा मलाच संताप येतो, तेव्हा मात्र मला त्याचा अभिमान वाटला होता.

तिथल्या दवाखान्यात वाटी बसवून पाय बांधला आणि दुसऱ्या दिवशी सरांनी जीप करून मला विट्याला आणलं. आई थेट दवाखान्यात आली होती. बाकावर सात-आठ पेशंट बसले होते, कुणाचा हात गळ्यात, कुणी काठी घेऊन. आईनं त्यांच्यासमोरच सुरुवात केली.

“तुमी लिहून दिलं म्हणून माजी पोर खेळली,” ती म्हणाली. “न्हाईतर मी धाडली असती व्हय तिला? एवढं शिकून आलासा, एक गुडघा कळंना तुमाला?”

कोळेकर सरही बोलले, आवाज चढवून. मुलीचं आयुष्य, राज्याचा संघ, जबाबदारी. बाकावरची माणसं माना वर करून ऐकत होती. डॉक्टर मगदूम तेव्हा तिशीचे असतील. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. ते माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, “चूक माझीच आहे, ताई. तपासण्यात मी कमी पडलो.”

मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले. गुडघ्याचं हाड कसं असतं ते त्यात रंगवलेलं होतं.

त्यांनी मिरजेला त्यांच्या गुरूंकडे, डॉक्टर वाळिंबे म्हणून होते त्यांच्याकडे, पाठवायचं ठरवलं आणि आमच्यासमोर फोन केला. आई म्हणाली, जाऊ, पर ऑपरेशनला तुमी हात लावायचा न्हाई. त्यांनी मान हलवली. म्हणाले, हात लावणार नाही, फक्त उभा राहीन.

वाळिंबे डॉक्टर म्हातारे, मिशी पांढरी, बोलायला सोपे. स्कॅनिंगचे फोटो उजेडाला धरून त्यांनी आईला आणि आण्णांना समजावलं. वाटीला आतल्या अंगानं धरून ठेवणारा एक पट्टा असतो. बैलाचा एका बाजूचा कासरा तुटला तर बैल दुसऱ्या बाजूला ओढतो, तसं झालंय. पहिल्यांदा निसटली तेव्हाच तो ताणला, नंतर प्रत्येक वेळी थोडा थोडा गेला. आता मांडीच्या मागची एक बारीक शीर काढून तिचा नवा पट्टा करायचा आणि वाटी बांधायची. कूर्चेचा तुकडा उडालाय तो काढून टाकायचा. चालता येईल, जिने चढता येतील. आण्णांना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी मोठ्यानं विचारलं, “आन खेळ?” वाळिंबे डॉक्टरांनी मोठ्यानं उत्तर दिलं नाही. नुसता हात आडवा हलवला.

ऑपरेशनच्या दिवशी मला पूर्ण भूल दिली नव्हती. पाठीत सुई टोचली आणि कमरेखालचं अंग कुणा दुसऱ्याचं झालं. छातीपाशी हिरवं कापड आडवं टांगलेलं, त्याच्या पलीकडं काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. भांड्यांचा आवाज, कुणाच्या तरी चपलेचा आवाज. डोक्याशी भूल देणाऱ्या बाई बसल्या होत्या, त्या मधूनमधून कपाळावर हात ठेवायच्या.

“सुरू करायच्या आधी सगळ्यांनी हे बघा,” वाळिंबे डॉक्टर पलीकडून म्हणाले. “आता मांडीत जोर नाही. आता पाय खरं काय ते सांगेल.”

मला काही कळलं नाही, फक्त टक असा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

“पूर्ण बाहेर जातेय,” ते म्हणाले. “सहज. एका बोटानं. ही आधी कुणी तपासली होती?”

कुणीतरी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“मी, सर,” मगदूम डॉक्टरांचा आवाज आला. तो पायाकडून नाही, लांबून, भिंतीपाशी उभं राहिल्यासारखा आला.

“आणि खेळायला परवानगी दिलीस?”

“हो, सर.”

“मगदूम, हे शिकवलं होतं का मी तुला?”

तिथं पाच-सहा माणसं असतील. सगळ्यांनी ऐकलं. माझं तोंड मोकळं होतं. कमरेखाली मी मेलेली होते, पण तोंड चांगलं चालत होतं. एवढंच म्हणायचं होतं, सर, मी मांडी आवळली होती. पाच शब्द पुरले असते. डोक्याशी बसलेल्या बाई वाकून म्हणाल्या, “का गं बाळ, डोळ्यांतून पाणी का येतंय? दुखतंय का कुठं?”

“काही नाही,” मी म्हणाले.

त्यानंतरचे सहा महिने म्हणजे नुसता कंटाळा. लोक म्हणतात ऑपरेशन अवघड. ऑपरेशन दोन तासांचं होतं, त्यात मला काही करायचं नव्हतं. अवघड असतो तो नंतरचा पाय. सहा आठवडे पट्ट्यांच्या पिंजऱ्यात. मग वाकवायचा, तीस अंश, मग साठ, मग नव्वद. प्रत्येक दहा अंशांना आठवडा जायचा. मांडी वाळून काठीसारखी झाली होती. उताणं पडून, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ वर उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, खाली ठेवायचा. असं तीसदा, दिवसातून तीन वेळा. आई बाजूला घरच्या चाकावर कांड्या भरत मोजायची. तिचे आकडे आणि तिचं चाक एका लयीत चालायचं. मी पंचवीसला थांबले की ती न बघता म्हणायची, “अजून पाच.” आम्ही दोघी दुसरं फारसं बोलत नव्हतो. राज्याचा संघ सुवर्ण घेऊन आला, ते सरांनी येऊन सांगितलं. आईनं चहा केला. सर गेल्यावर तिनं कप धुतला आणि परत चाकावर बसली.

मागावर मात्र ती बोलायची. आमच्याकडे मागावर दोन पाळ्या चालतात आणि दोन्ही पाळ्यांना विट्याच्या नव्या डॉक्टरची गोष्ट पाठ झाली होती. त्यानं चांगल्या पोरीचा पाय घालवला. त्याला गुडघा कळत नाही. तिथून ती गोष्ट आजूबाजूच्या गावांत गेली, दूधवाल्यांबरोबर, बाजाराच्या पिशव्यांबरोबर. मला ऐकू यायचं. मी वाळूची पिशवी उचलायचे.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला मिरजेला गेलो तर वाळिंबे डॉक्टर म्हणाले, आता एवढ्या लांब कशाला येता, पुढचं मगदूम बघेल, मी त्याला कळवलंय. आईनं मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडायचा कसा? आठवड्यानं आम्ही विट्याची एसटी धरली. तिनं वाटभर खिडकीतून बाहेर बघितलं.

दवाखान्याचा बाक रिकामा होता. मार्चमध्ये सात-आठ माणसं बसली होती त्या बाकावर ऑक्टोबरमध्ये कुणी नव्हतं. नर्स पेपर वाचत होती. दारावरची पाटी तीच, भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र तेच. आई त्या बाकाकडं बघून दारातच थांबली. मग पिशवी छातीशी धरून आत आली.

डॉक्टर मगदूम उठून उभे राहिले. त्यांनी टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी अजून दीड इंच कमी होती. वाकवून बघितलं, सरळ करून बघितलं, चालायला लावलं. सगळं कागदावर लिहिलं. मग मला टेबलावर झोपवून गुडघा जरासा वाकवून मांडीवर घेतला. मार्चसारखाच.

“आता तीच तपासणी,” ते म्हणाले. “ताई, तुम्ही तिचा हात धराल का? हिच्या तोंडावरून मला काही कळत नाही.”

टोमणा नव्हता. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते दमल्यासारखे बोलत होते.

आई डाव्या बाजूला आली, पण तिनं हात पुढे केला नाही. पिशवी घट्ट धरून उभी राहिली.

“तवाबी मीच धरला हुता,” ती म्हणाली.

डॉक्टरांचा अंगठा तिथंच थांबला.

“एवढा आवळला हिनं माजा हात, बांगडी वाढली. काच घुसली मनगटात. हिचं तोंड दगडागत, आन हात असा. मला तवाच कळलं, डॉक्टर. आई हाय मी. मी पंख्याकडं बघत बसले. म्हनलं, एकदा कागूद हातात पडू दे, मग बघू पायाचं. आन मग गावभर तुमचं नाव घेत फिरले.”

मला वाटत होतं मी काही दाखवलं नाही. सहा महिने मला वाटत होतं ही लबाडी माझी एकटीची आहे. सगळं अंग आवळून धरलं, तोंड बांधून ठेवलं आणि डाव्या हाताला मात्र मी विसरले. सरांनी हाताचं काही शिकवलं नव्हतं.

“मी मांडी सैल सोडली नव्हती,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मला वाटलं कुणाला ऐकू गेला नाही. “सहा वेळा निसटली होती त्याआधी. एकदा नाही. आणि ऑपरेशनच्या वेळी तुम्ही ‘मी, सर’ म्हणालात तेही मी ऐकलं. मला बोलता येत होतं.”

डॉक्टरांनी अंगठा काढून घेतला. मग म्हणाले, “तुकडा मला सापडला होता.”

“कसला?” आईनं विचारलं.

“बांगडीचा. हिरवा. त्याच संध्याकाळी टेबलाखाली, ह्या बाजूला, तुम्ही उभ्या होता तिथं. त्याला रक्त होतं. मी तो हातात घेऊन उभा राहिलो आणि मला सगळं कळलं. शाळेच्या सरांचा नंबर होता माझ्याकडे. फोन उचलला होता.” त्यांनी कपाळावरून हात फिरवला. “मग वाटलं, पत्र गेलं, सही गेली, पेढे खाऊन झाले. दवाखाना उघडून महिना झाला नाही. आज शब्द फिरवला तर लोक म्हणतील ह्याला काही कळत नाही. फोन खाली ठेवला. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मी वाळिंबे सरांना ‘मी’ म्हणालो. तुला वाचवायला नाही म्हणालो. ते खरंच होतं.”

बाहेर नर्सनं पेपरचं पान उलटलं ते ऐकू आलं. आम्ही तिघं त्या खोलीत होतो आणि तिघांनाही मार्चमधल्या त्या गुरुवारीच माहीत होतं. एकानं जरी तोंड उघडलं असतं तर सोमवारी मी सोलापूरला गेले नसते, आणि कदाचित पुढच्या वर्षी गेले असते, नीट बांधलेल्या वाटीनं. मला रडू आलं नाही. एवढा थकवा आला की त्या टेबलावरच झोपून जावंसं वाटलं.

ह्याला चौदा वर्षं झाली. आई दुसऱ्याच दिवशी मागावर गेली आणि तिनं दोन्ही पाळ्यांना खरं काय ते सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. पण बदनामी एसटीनं जाते आणि खुलासा पायी येतो. तो बाक भरायला दोन वर्षं लागली. मी परीक्षा देऊन एका कॉलेजच्या कार्यालयात लागले, दुसऱ्या प्रयत्नात, आणि रोज दोन जिने चढते. थंडीत गुडघा धरतो. खो-खो बघायला मी जात नाही. कोळेकर सर मात्र निवृत्त होईपर्यंत चिमटे काढत राहिले. त्यांच्या शिकवणीनं काय झालं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

पण त्या दिवशी तपासणी व्हायची राहिली होती.

“बघायला तर पाहिजे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी अंगठा वाटीच्या कडेला ठेवला.

आईनं पिशवी खाली ठेवली. कणीक मळायला बसताना करते तशा तिनं डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत, आणि मोकळं मनगट माझ्या हातात दिलं. तिथं काचेचा वण होता, बारीक, पांढरा.

“धर,” ती म्हणाली. “लागंल तेवढं आवळ.”

अंगठा दाबला गेला. वाटी हलली नाही. नवा पट्टा तिला धरून होता, डॉक्टरांना ते हाताखाली कळलं असणार. तरी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “काही वाटतं?”

माझ्या ओठांवर तेच दोन शब्द आले होते.

“भीती वाटते,” मी म्हणाले, आणि आईचा हात आवळला.

डॉक्टरांनी लगेच अंगठा उचलला. ह्या वेळी त्यांना मांडी सैल सोड म्हणावं लागलं नव्हतं.